युनिस, लुइझियाना : केजन लोकांच्या गावी जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनच्या मराठी मंडळींना न्यू ऑर्लिन्स पाठ असतं. वाटेतल्या प्रेअरीवरचं, म्हणजे सपाट गवताळ माळावरचं, युनिस मात्र फारसं कुणी पाहिलेलं नसतं. आम्ही तिथे पुन्हा पुन्हा जातो, हे कळल्यापासून ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे, पुण्या-नाशकाहून मुलांकडे आलेले आई-बाबा असे सगळे प्रश्न पाठवतात. त्यातले जे परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत.

१. युनिस नेमकं आहे कुठे? आणि तिथे बघायला काय आहे?

लुइझियाना राज्याच्या नैर्ऋत्येला, १९० क्रमांकाच्या महामार्गावर. लाफिएट शहरापासून गाडीने साधारण तास, ह्यूस्टनहून तीन-सव्वातीन तास. वस्ती सुमारे साडेनऊ हजार. १८९४ मध्ये सी. सी. डुसन यांनी रेल्वेच्या कडेला प्लॉट पाडून विकले आणि गावाला पत्नीचं नाव दिलं.

बघण्यासारखं म्हणाल तर दोन-तीन रस्त्यांत आटोपतं. १९२४ चं लिबर्टी थिएटर, त्याला लागून राष्ट्रीय उद्यान सेवेचं प्रेअरी अकेडियन सांस्कृतिक केंद्र (प्रवेश मोफत), जवळच केजन संगीताचं छोटं संग्रहालय. पण युनिसला जायचं ते ऐकायला. हे एकदा मनात पक्कं केलं की पुढचं सगळं सोपं होतं.

२. केजन म्हणजे नक्की कोण? फ्रेंच की अमेरिकन?

सतराव्या शतकात फ्रान्समधून आलेले शेतकरी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागात वसले. त्या मुलखाला ते अकादी म्हणत. भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, बांधाला झडपा ठेवायच्या आणि आतली जमीन पिकवायची, अशी त्यांची शेती होती. कोकण-गोव्याची खाजणं पाहिलेल्या माणसाला ती सांगावी लागत नाही. १७१३ च्या तहात हा मुलूख इंग्रजांकडे गेला. बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला हे लोक तयार होईनात, तेव्हा १७५५ पासून त्यांना जहाजांत घालून हद्दपार केलं गेलं. घरं जाळली, कुटुंबं फुटली, हजारो माणसं देशोधडीला लागली.

त्यातली काही भटकत लुइझियानात पोचली. १७६५ मध्ये जोसेफ ब्रुसार यांच्याबरोबर सुमारे दोनशे जण आले. १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजांतून आणखी सोळाशेच्या आसपास. तेव्हा लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होतं. 'अकादियँ'चं 'कादियँ' झालं आणि इंग्रजी तोंडात त्याचं 'केजन'. इंग्लंडच्या राणीच्या नावाने या हद्दपारीची कबुली देणारी घोषणा निघाली ती २००३ मध्ये, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांनी. सांस्कृतिक केंद्रात हा इतिहास नीट मांडलाय. गाणी ऐकायच्या आधी तासभर तिथे घालवा. ज्या गाण्यांवर लोक हसत नाचतात, त्यांच्या शब्दांत इतका विरह का, याचं उत्तर तिथे मिळतं.

३. केजन आणि क्रियोल एकच ना?

नाही, आणि तिथे गेल्यावर हा घोळ करू नये. या प्रेअरीवर फ्रेंच बोलणारे कृष्णवर्णीय लोकही पिढ्यान्पिढ्या राहतात. ते स्वतःला क्रियोल म्हणवतात. न्यू ऑर्लिन्समध्ये हाच शब्द थोड्या वेगळ्या अर्थाने वापरतात, म्हणून गोंधळ वाढतो. क्रियोल घराण्यांचं आजचं संगीत म्हणजे झायडेको. त्याचा सम्राट मानला गेलेला क्लिफ्टन शेनिए युनिसच्या पूर्वेला ओपेलूसजवळ जन्मला.

पण दोन्ही संगीतांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत. अमेदे आर्दवाँ हा कृष्णवर्णीय अकॉर्डियनवादक आणि डेनिस मगी हा गोरा फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) यांनी १९२९ मध्ये एकत्र ध्वनिमुद्रण केलं, तेही वर्णभेदाच्या ऐन काळात. आज जे 'केजन संगीत' म्हणून वाजतं, त्यातल्या कितीतरी चाली आर्दवाँच्या आहेत. मगी १९८९ पर्यंत जगले, युनिसलाच वारले. आर्दवाँ १९४२ मध्ये सरकारी मनोरुग्णालयात वारला. हे नाव लक्षात ठेवून जा, एवढीच विनंती.

४. कोणत्या दिवशी जावं?

शनिवारी. शक्यतो शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला पोचा.

सकाळी लवकर युनिसपासून उत्तरेला वीसेक मिनिटांवर मामू नावाचं गाव आहे, तिथे जा. तिथला फ्रेड्स लाउंज हा छोटा बार फक्त शनिवारी सकाळी उघडतो. आतून १९६२ पासून रेडिओवर थेट संगीत जातं, जाहिरातीसुद्धा फ्रेंचमध्ये. सकाळी साडेआठ-नऊला लोक वॉल्ट्झ नाचताना दिसतात. दारू घेतलीच पाहिजे असं नाही.

तिथून नऊ-साडेनऊपर्यंत युनिसच्या पूर्वेला सॅव्हॉय म्युझिक सेंटरला या. मार्क सॅव्हॉय यांचं हे दुकान १९६६ पासूनचं. ते स्वतः अकॉर्डियन बनवतात. शनिवारी सकाळी दुकानात गावातले वादक गोल करून बसतात. मंच नाही, माइक नाही, तिकीट नाही. पाहुण्याने गरम बूदाँचा पुडा आणून टेबलावर ठेवायचा, अशी रीत आहे (बूदाँ काय, ते प्रश्न ९ मध्ये).

इथे वाजणारं अकॉर्डियन जवळून बघा. छोटा चौकोनी डबा, उजवीकडे दहा बटणं. आत पितळ-पोलादाच्या पट्ट्या थरथरतात, म्हणजे आपल्या पेटीचीच जात. फरक भात्यात आहे. आपण पेटीचा भाता फक्त हवेसाठी हलवतो. इथे तेच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. त्यामुळे सूर बदलताना सतत हाताची दिशा बदलते आणि ती हिसक्याची लय आपोआप गाण्यात उतरते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका आजोबांच्या मनगटावरून नजर हटत नव्हती. गाणं संथ वॉल्ट्झचं होतं, पण भाता एक क्षण स्वस्थ नव्हता. शेजारच्याने लोखंडी त्रिकोण वाजवायला घेतला. असे त्रिकोण पूर्वी गवत ओढायच्या दंताळ्याच्या दातांपासून बनवत.

संध्याकाळी सहाला लिबर्टी थिएटरमध्ये 'राँदेव्हू दे केजन' हा कार्यक्रम. १९८७ पासून चालत आलेला, रेडिओवर जाणारा, निवेदन बरंचसं फ्रेंचमध्ये. मंचासमोर नाचायला जागा सोडलेली असते. इमारत शंभरी ओलांडलेली असल्याने अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागते, तेव्हा निघण्याआधी फोन करून खात्री करा. तसंच फ्रेड्स आणि सॅव्हॉयचंही, विशेषतः सणांच्या आठवड्यात.

५. आम्हाला फक्त रविवार-सोमवार जमतो. चालेल?

निराशा होईल. रविवारी गाव चर्च आणि घरात असतं, सोमवारी बरंच काही बंद. त्या दोन दिवसांत लाफिएट करा आणि युनिस एखाद्या शनिवारसाठी राखून ठेवा.

६. गाडीशिवाय जाता येतं का?

जवळजवळ नाही. विमान किंवा रेल्वेने लाफिएटपर्यंत पोचता येतं (ॲमट्रॅकची सनसेट लिमिटेड आठवड्यातून तीनच दिवस असते), पुढे गाडी भाड्याने घ्यावी लागते. भारतातून येणाऱ्यांनी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतून निघायच्या आधीच काढावं, इथे आल्यावर ते मिळत नाही. गावं जवळ आली की वेगमर्यादा एकदम खाली येते. ती पाटी चुकवू नका. मुक्कामासाठी युनिसमध्ये मोजकीच मोटेल आहेत. मिळालं नाही तर लाफिएट.

७. कोणता महिना बरा?

मार्च-एप्रिल. हवा सुसह्य, क्रॉफिशचा हंगाम भरात (क्रॉफिश काय, ते प्रश्न ९ मध्ये). जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा मुंबईच्या मे महिन्याला मागे टाकतो. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, हवामान बघूनच निघा. मार्दी ग्राची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न १२ मध्ये.

८. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगते.

उपाशी राहणार नाही, पण तयारी करून जावं लागेल. इथल्या स्वयंपाकाचा पाया डुकराचं मांस हा आहे. गंबो हा शब्दच आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आला. ते ऐकून आपल्याला आशा वाटते. पण त्यात तेलात पीठ काळपट तांबूस होईपर्यंत भाजून केलेला 'रू' असतो आणि त्यावर कोंबडी, सॉसेज किंवा कोळंबी. राइस ड्रेसिंग म्हणजे कलेजी घातलेला भात. घेवड्याच्या शेंगा, राजमा, मक्याची भाजी हे सगळं दिसायला निर्धोक, पण बहुतेक वेळा बेकन किंवा टासो नावाच्या धुरावलेल्या मांसाचे तुकडे घालून शिजवलेलं.

त्यामुळे 'यात मीट आहे का?' असं विचारून भागत नाही. समोरचा मनापासून 'नाही' म्हणतो, कारण चवीपुरतं घातलेलं बेकन त्याच्या लेखी मांस नसतं. 'पोर्क, बेकन, टासो, चिकनचं पाणी यातलं काही आहे का?' असं एकेक नाव घेऊन विचारा. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस खात नाहीत. पण त्या 'बिनमांसाच्या' ताटात मासे आणि कोळंबी असते. आणि क्रॉफिशच्या परातीत मिळणारा बटाटा आणि मक्याचं कणीस यांच्याकडे बोट दाखवून 'हे तर शाकाहारी' म्हणू नका. ते त्याच पातेल्यात उकडलेलं असतं.

आमचा उपाय साधा आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि इलेक्ट्रिक कुकर बरोबर असतो. तांदूळ मात्र तिथलाच घेतो. हा सगळा भातशेतीचा टापू आहे. प्रेअरीवर भात पिकतो आणि गावच्या दुकानात पिशव्या मिळतात. गोड हवं असेल तर पेकन प्रालीन आणि रताळ्याचं सारण भरलेली 'पाय' (pie) घ्या. पायच्या पारीत चरबी आहे का, ते विचारूनच.

९. मांसाहारी असू तर काय चुकवू नये?

बूदाँ. शिजवलेला भात, डुकराचं मांस, थोडी कलेजी आणि कांद्याची पात एकत्र करून आतड्याच्या आवरणात भरतात. चांगला बूदाँ हॉटेलात नाही, खाटकाच्या दुकानात आणि पेट्रोल पंपाला लागून असलेल्या टपरीवजा दुकानांत मिळतो, तोही सकाळी. वजनावर घ्यायचा, गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून खायचा. आवरण खायची सक्ती नाही. एका टोकाने दाताखाली धरून आतला भात ओढून घेतात. जोडीला ग्रातों घ्या, म्हणजे चरबीसकट तळलेले कुरकुरीत तुकडे.

क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला चिंबोरी आणि कोळंबी यांच्या मधला जीव. शेपूट पिळून मोडायची, वरचं एक कडं सोलायचं, मांस ओढायचं. हात तिखट होतात, डोळ्यांना लावू नका. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी यापासून लांब राहावं.

१०. दलदल, मगरी, बोटीची सफर... हे सगळं युनिसला आहे ना?

नाही. युनिस प्रेअरीवर आहे, म्हणजे सपाट गवताळ माळ, आता बहुतेक शेतं. झाडांवरून लोंबणारं शेवाळ आणि मगरी हव्या असतील तर पूर्वेला अचफलाया खोऱ्यात जा. हेंडरसन आणि ब्रो ब्रिजच्या आसपासून बोटी सुटतात.

पण शेतात थांबायला विसरू नका. उन्हाळ्यात जिथे भात पिकतो, त्याच वाफ्यात कापणीनंतर पाणी सोडून क्रॉफिश वाढवतात. ते धसकटावर जगतात. हिवाळ्यात पाण्यातून जाळीच्या सापळ्यांची तोंडं ओळीने वर आलेली दिसतात आणि मधून चाकावर ढकलली जाणारी सपाट पत्र्याची बोट फिरते. बसलेला माणूस बोट न थांबवता सापळा उचलतो, रिकामा करतो, आमिष घालून परत रोवतो. रस्त्यावरूनच बघा. बांधावर उतरायचं तर मालकाला विचारून.

११. लोक खरंच फ्रेंच बोलतात? शाळेत शिकलेली फ्रेंच चालेल?

म्हातारी माणसं बोलतात, तरुणांतले थोडे पुन्हा शिकताहेत. मधली पिढी गळाली, आणि ती आपोआप गळालेली नाही.

१९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानाच्या शाळांत फक्त इंग्रजी ठेवली. घरी एक शब्द इंग्रजी न ऐकलेली पोरं वर्गात बसली. फ्रेंच बोललं की छडी, नाहीतर 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य शेकडो वेळा लिहायचं. लघवीला जाऊ का, हे इंग्रजीत विचारता न आल्याने वर्गातच कपडे ओले झाले, ही आठवण इथल्या कितीतरी घरांत सांगितली जाते. त्या मुलांनी मोठं होऊन ठरवलं की आपल्या लेकरांवर ही वेळ येऊ द्यायची नाही, आणि घरात इंग्रजी बोलायला लागली. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंच जपण्यासाठी कोडोफिल ही संस्था काढली, तोवर बरंच निसटलं होतं. लिबर्टीचं शनिवारचं निवेदन आणि मामूच्या रेडिओवरच्या जाहिराती यांचं मोल या पार्श्वभूमीवर समजून घ्या.

म्हणून तुमची फ्रेंच जरूर वापरा, पण दुरुस्त्या करू नका. इथे गाडीला 'शार' म्हणतात, कोळंबीला 'शव्रेत', आत्ताला 'अस्तर'. हे अशुद्ध नाही, जुनं आणि इथलं आहे. ज्यांना आयुष्यभर 'तुमची भाषा खोटी' असं ऐकवलं गेलं, त्यांच्यापुढे पॅरिसचा उच्चार मिरवला की ते गप्प होतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. मी एका आजींना नुसतं 'बाँझूर, कोमाँ सा व्हा?' विचारलं. त्यांनी माझा हात धरून अर्धा तास त्यांच्या भाषेत गप्पा मारल्या. मला निम्म्याच कळल्या. हात मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

१२. मार्दी ग्राला जायचंय. न्यू ऑर्लिन्ससारखंच असतं का?

अजिबात नाही. मार्दी ग्रा म्हणजे ईस्टरआधीचे ते चाळीस दिवस सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचा, मंगळवारचा, कॅथलिक सण. २०२७ मध्ये तो मंगळवार ९ फेब्रुवारीला आहे. इथल्या प्रकाराला कुरीर म्हणतात. चिंध्यांचे रंगीत कपडे आणि जाळीचे मुखवटे घालून लोक घोड्यांवर आणि ट्रेलरवर बसून घरोघर फिरतात. पुढे बिनमुखवट्याचा कॅप्टन. तो पांढरं निशाण घेऊन आधी एकटा जातो आणि मालकाची परवानगी मागतो. मिळाली की बाकीचे येऊन गातात, नाचतात, गंबोसाठी काहीतरी मागतात: तांदूळ, सॉसेज, नाहीतर जिवंत कोंबडी. कोंबडी हवेत सोडली की चिखलातून तिच्यामागे पळापळ. शिमग्याला घरोघर पोस्त मागत हिंडलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

मामूचा कुरीर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबला होता, तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा उभा केला. तिथे फक्त पुरुष जातात. युनिसच्या कुरीरमध्ये बायकाही असतात. पाहुण्यांनी गावातल्या रस्त्यावर थांबून बघणं उत्तम. दुपारी मिरवणूक गावात परत येते. कुणाच्या शेतावरच्या घरी आगंतुक जाऊ नका. दिवसभर दारू चाललेली असते, घोडे असतात. लहान मुलांचा हात सोडू नका.

१३. फोटोंत टोकदार टोप्या आणि झाकलेले चेहरे दिसले. हे कू क्लक्स क्लॅनचं (कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचं) काही आहे का?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, तसं करायची गरज नाही. या टोपीला कापुशाँ म्हणतात. ती मध्ययुगीन फ्रान्सच्या उत्सवातून आली, उमरावांच्या बायकांच्या उंच शिरोभूषणांची टर उडवणारी. बिशपच्या आणि विद्वानांच्या टोप्यांचीही अशीच नक्कल करतात. गरिबाने एक दिवस मोठ्यांना चिडवायचं, असा त्यामागचा भाव. क्लॅनशी तिचा संबंध नाही. क्रियोल गावांतही स्वतःचे कुरीर निघतात.

१४. केजन लोक आपसांत एकमेकांना 'कूनॅस' म्हणतात. आपण म्हटलं तर?

म्हणू नका. काहीजण हा शब्द अभिमानाने गाडीवर लावतात, काहींना ती शिवी वाटते, आणि कोणाला काय वाटतं हे पाहुण्याला कळणं अशक्य. 'केजन' म्हणा, त्यात काही वावगं नाही. समोरचा क्रियोल असेल तर प्रश्न ३ आठवा.

१५. आम्हाला नाचता येत नाही. अवघडल्यासारखं होईल का?

बसून ऐकणारे भरपूर असतात. पण एखाद्या आजोबांनी हात पुढे केला तर सुनेनं, सासूनं, कुणीही उठावं. तिथे ते निव्वळ आदरातिथ्य असतं. वॉल्ट्झ आणि टू-स्टेप दोनच प्रकार, आणि सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. मध्येच थांबू नका, मागचे अडतात. जुन्या नाचाच्या कार्यक्रमाला 'फे दो दो' म्हणत, म्हणजे 'झोप हं बाळा'. आया मुलांना आतल्या खोलीत निजवून नाचायला यायच्या. आजही लिबर्टीत नातवंडं आजीच्या पायांवर पाय ठेवून नाचतात, म्हणून मुलांना खुशाल न्या. बारचं तसं नाही.

१६. रेकॉर्डिंग केलं तर चालेल?

एखाददुसरा फोटो चालतो. सॅव्हॉयच्या बैठकीत आख्खं गाणं फोन समोर धरून टिपू नका. विचारा, आणि विचारून 'हो' आलं तरी थोडक्यात आटपा. मंडळी सुट्टीच्या दिवशी एकमेकांसाठी वाजवत असतात. पैशांचा डबा फिरला तर त्यात हात सैल सोडा.

१७. मी पेटी वाजवतो. माझा मित्र तबला. वाद्यं घेऊन जाऊ का?

गाडीत असू द्या, आत नेऊ नका, निदान पहिल्या वेळी. बैठकीचे नियम न लिहिलेले आहेत. आतल्या वर्तुळात जुने वादक, बाहेर नवशिके. चाल माहीत नसेल तर वाजवायचं नाही. त्रिकोण एका वेळी एकच. अकॉर्डियन बहुधा सी किंवा डीमध्ये असतं आणि त्याच्यात ठरावीक सूरच निघतात, तेव्हा बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं असतं. दोन-तीन शनिवार बसून ऐका, एखादी वॉल्ट्झ घरी पेटीवर बसवा. मग कोणीतरी 'तू काय वाजवतोस?' असं आपणहून विचारेल. आमच्या एका मित्राला चौथ्या खेपेला विचारलं. त्याने गाडीतून पेटी आणली. अकॉर्डियनवाल्या आजोबांनी सर्वांत आधी वरची फळी उघडायला लावली, वाकून आतल्या पट्ट्या पाहिल्या आणि बोटाने हळूच एकेक मोजायला सुरुवात केली.